एका दिवसाचा फ्रिज

फ्रिज काही केल्या आमच्या दारातून आत शिरेना.

रात्रपाळी करून आलेले तिघं, चौथे शेजारचे भूपालकाका, आणि चौघांच्या मधे तो पांढरा फ्रिज. साखर कारखान्याच्या कॉलनीतली सगळी क्वार्टर्स एका साच्यातली. शेजारच्या दारातून जो फ्रिज बाहेर आला, तो आमच्या दारातून आत जायला काहीच हरकत नव्हती. पण आमच्या दारात आप्पांनी एक लोखंडी दांडी बसवली होती. बॉयलर हाऊसच्या भंगारातला पाइप साहेबांना विचारून आणलेला, वेल्डिंग करून वर हिरवा रंग दिलेला. उंबऱ्यापासून निघून ती भिंतीभिंतीनं मोरीपर्यंत जायची. ती धरून मी घरभर फिरायची. त्या दांडीनं दाराची चार बोटं खाल्ली होती आणि फ्रिज नेमका त्या चार बोटांतच अडकला होता.

"आडवा करू नका, गॅस चढतोय म्हणतात," रत्नाकाकू आमच्या अंगणातून हुकूम सोडत होत्या. फ्रिज त्यांचा. भूपालकाका त्यांचे मिस्टर, म्हणजे ते पण त्यांचेच.

"काकू, आम्ही झोपायला चाललोय," त्या तिघांतला एक म्हणाला.

"झोपा की मग. कोण नको म्हणतंय? एवढा आत ठेवून झोपा."

शेवटी भूपालकाकांनी स्क्रू काढून फ्रिजचं दार वेगळं केलं, उरलेला डबा आत सरकवला आणि दार परत बसवलं. मी कॉटवर बसून सगळं बघत होते. फ्रिज आमच्या कोपऱ्यात उभा राहिला, आईनं बटण दाबलं, तो गुरगुरायला लागला आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, चला, आपल्यात फ्रिज आहे. कुणाचा का असेना.

"अक्का, आत अंडं ठेवू नकोस हं," रत्नाकाकूंनी आईला बजावलं. त्या जैन. त्यांच्या फ्रिजनं जन्मात अंडं बघितलं नव्हतं.

"नाही गं बाई. पाण्याच्या बाटल्या ठेवते. आणि बर्फाला पाणी लावू काय?"

"लाव की. चालू दिसला पाहिजे."

फ्रिजच्या पाठोपाठ त्यांचा रंगीत टीव्ही आला, दोन वेताच्या खुर्च्या आल्या. रत्नाकाकूंची बाहेरची खोली ओसाड पडली. पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण ती आमच्या कॉलनीची रीतच होती. कुणाची मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की अख्खी लाईन कामाला लागायची. एकाच्या खुर्च्या, दुसऱ्याचा टेबलक्लॉथ, तिसऱ्याचं भिंतीवरचं घड्याळ. पाहुणे पोहे खाऊन गेले की ज्याचं त्याला परत. याला कुणी खोटेपणा म्हणत नसे. आमच्या घरचे फुलाफुलांचे कप तर अशा कितीतरी लग्नांत मिरवून आले होते. फक्त आमच्याकडे कधी कुणाकडून काही आलं नव्हतं. आमच्या दारात तसे पाहुणे आलेच नव्हते आणि येतील असं कुणाला वाटतही नव्हतं. त्यामुळे आईनं पहिल्यांदाच तोंड उघडून मागितलं, तेव्हा रत्नाकाकूंनी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. आधी हो म्हणाल्या, मग विचारलं.

तर कशाला, ते सांगते.

मी दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. मांडीपासून खाली लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर आणि काखेत कुबड्या. हे सांगतेय तेव्हा मी बावीस वर्षांची होते, घरी बसून बी.कॉम. झालेली, कॉलनीतल्या पोरांच्या शिकवण्या घेणारी. त्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या कारखान्यात पाहणी करायचं ठरवलं. कारखान्याचे कल्याण अधिकारी घरी येऊन सांगून गेले होते, "वहिनी, घरात अपंग माणूस असलं की संसाराला जादा किती लागतं, ते मोजणार आहेत. आकडा काढणार. मग तो सरकारपुढं ठेवणार. आपल्या शालनचं नाव मी दिलंय."

आई म्हणाली, "बरं."

मला मात्र ते बरं वाटलं नाही.

त्याच्या मागच्याच उन्हाळ्यात चुलतभावाच्या लग्नात आमची आत्या मांडवात कुणाला तरी सांगत होती. मी तिच्या पाठीमागच्या खुर्चीवर होते, तिला माहीत नव्हतं. "आमच्या सर्जाचं सगळं त्या पोरीत गेलं बघा," ती आप्पांबद्दल म्हणाली, आणि लगेच वाढप्याला म्हणाली, "इकडं जिलबी वाढ रे." तिच्या मनात वाईट नव्हतं. पाऊस कमी झाला म्हणावं, तसं ती म्हणाली. पण ते 'सगळं' माझ्या डोक्यात घर करून बसलं. घरात एखादी वस्तू नाही म्हटलं की मी ती मनातल्या मनात माझ्या नावावर टाकायची. आप्पा अजून सायकलवर का? माझ्यामुळे. आईच्या हातात काचेच्याच बांगड्या का? माझ्यामुळे. भिंतीला पोपडे आलेत? ते पण माझ्यामुळेच. 'सगळं' म्हणजे केवढं, याला अंतच नव्हता. आणि आता पुण्याची बाई येऊन ते मोजणार होती. मी या घराला किती महाग पडले, त्याचा आकडा काढून आई-आप्पांच्या समोर ठेवणार होती. मला त्याची इतकी भीती वाटत होती की दोन दिवस घास गोड लागला नाही.

म्हणून फ्रिज आला तेव्हा मला बरं वाटलं. घरात सगळं दिसलं की आकडा आपोआप बारीक होईल. आईला हे कळलं असेल असं मात्र मला वाटलं नाही. मला वाटलं, परक्या बाईसमोर घर उघडं पडू नये, एवढाच तिचा हिशेब.

आप्पांना यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी दारातच त्या बाईला म्हटलं असतं, या, बसा, हा फ्रिज शेजाऱ्यांचा. आप्पा बॉयलर हाऊसला फिटर होते, कायम जनरल शिफ्ट. सकाळी आठला जायचे आणि पाचचा भोंगा झाला की सायकलवरून घरी. बाई अकराला येणार होती. साडेबारापर्यंत सगळं उरकायचं, दोनच्या आत फ्रिज परत आणि आप्पांना पत्ता नाही, असा बेत होता.

बाई आली तीन वाजून गेल्यावर. बस मधेच बंद पडली म्हणे.

लीना परचुरे तिचं नाव. मला वाटलं होतं कुणी चष्मेवाली जाडजूड बाई असेल. ही माझ्याहून पाचसहा वर्षांनीच मोठी, घामाघूम झालेली, ओढणीनं मान पुसत दारात उभी. आत येताना तिनं सहज त्या हिरव्या दांडीला हात लावला.

"हे छान आहे. कोणी बसवलं?"

"असंच," आई म्हणाली. "आधीपासनं आहे. बसा. थंड पाणी देऊ?"

आणि आईनं फ्रिज उघडला. जन्मभर फ्रिज उघडत आल्यासारखा उघडला, हे मी मान्य करते. आत दोन बाटल्या. बाकी सगळं लख्ख रिकामं. परचुरे मॅडमनी ते बघितलं.

मग प्रश्न सुरू झाले. फ्रिज? आहे. रंगीत टीव्ही? आहे. केव्हा घेतला? दिवाळीला. दोन्ही दिवाळीला? हो, बोनस आला होता. आई धडाधड उत्तरं देत होती, आणि अधूनमधून घड्याळाकडे बघत होती.

"आता हिच्याबद्दल विचारते," मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. "कॅलिपरला साधारण किती खर्च येतो? वाढत्या वयात बदलावे लागले असतील ना?"

"ते असंच मिळाले."

"सगळे?"

"सगळे."

"बूट?"

"बूट पण."

"ऑपरेशन झालंय का कधी?"

"मिरजेला. पण त्याला फार काही लागलं नाही."

"शाळेत कशी जायची? बस का रिक्षा?"

"जायची अशीच," आई म्हणाली. "तिचं ती सगळं करते. आम्हाला तिचा काहीच खर्च नाही. एक पैसा नाही."

मी ऐकत होते. पहिल्यांदा गार वाटलं. नाही, नाही, नाही, एकेक ओझं उतरत गेलं. पण मिरज आलं तेव्हा काहीतरी बिनसलं. मिरजेला आई माझ्या कॉटखाली सतरंजी टाकून महिनाभर झोपली होती. शाळेला मला आप्पा सायकलवरून सोडायचे आणि दुपारी आई रिक्षा करून आणायला यायची. शाळेच्या पायऱ्या ती मला कडेवर घेऊन उतरायची, मी नववीत असतानासुद्धा. आणि आता ती म्हणत होती, जायची अशीच. माझ्या समोर बसून ती मलाच खोडून टाकत होती. पण तोंड उघडावं तर तो आकडा मोठा झाला असता.

मॅडमनी कागद आवरले. आईनं सुस्कारा सोडला.

"ठीक आहे. आता शेजारी जाऊन येते."

"शेजारी?" आई म्हणाली. "शेजारी कशाला? त्यांच्यात कुणी तसं नाही. सगळे धडधाकट आहेत."

"म्हणूनच तर. तुमचे यजमान आणि त्यांचे यजमान, एकाच ग्रेडला आहेत ना? एकाच साली लागलेले. क्वार्टर पण सारखंच. म्हणून तर आम्ही तुमची कॉलनी निवडली. दोन सारखी घरं घ्यायची, एकात अपंग माणूस आहे, एकात नाही. त्यांच्याकडे जे आहे आणि तुमच्याकडे नाही, तो झाला जादा खर्च. नुसतं विचारून माणसं नीट सांगत नाहीत. वस्तू खोटं बोलत नाहीत."

असं म्हणून त्या वेताच्या खुर्चीवरून उठल्या आणि रत्नाकाकूंच्या ओसाड खोलीकडे चालायला लागल्या.

आई दारात खांबासारखी उभी राहिली. आम्हाला वाटलं होतं, बाई फक्त आमच्यात येणार. दोन्ही घरं बघणार हे अधिकारी बोलले नव्हते, आणि आम्हाला तरी कसं सुचावं? आता हाक मारून सांगायची सोय नव्हती. दोन क्वार्टरमधली भिंत एका विटेची. आम्ही दोघी भिंतीला कान लावून बसलो.

"फ्रिज आहे?"

तुम्हाला रत्नाकाकू माहीत नाहीत. कॉलनीतला पहिला फ्रिज त्यांचा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून स्वयंपाकघर सोडून त्यांनी तो बाहेरच्या खोलीत, बरोबर दारासमोर ठेवला होता. आणि त्या रत्नाकाकू म्हणाल्या, "नाही बाई."

"टीव्ही?"

"नाही."

"ब्लॅक अँड व्हाइट पण नाही?"

"आम्हाला डोळ्याला सोसत नाही."

"खुर्च्या?"

"आम्ही जमिनीवर बसतोय."

"पंखा?"

"तो आहे की. वर लटकतोय, दिसतोय नव्हं?"

मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबल्यासारखी ओढणी कोंबून मी हसत होते. आई हसत नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "शालू, यानं आकडा काय येईल गं?"

तेवढ्यात भोंगा झाला.

आप्पा आले तेव्हा परचुरे मॅडम आमच्या दोन घरांच्या मधल्या अंगणात उभ्या होत्या आणि रत्नाकाकू त्यांच्या मागे, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. आप्पांनी सायकल भिंतीला टेकवली, बाईंना नमस्कार केला, दारातून आत बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "भूपालचा फ्रिज आमच्यात कसा काय?"

फ्रिज तेवढा गुरगुरत होता.

"आणि टीव्ही पण? रत्नावहिनी, घर रंगवायलाय काय?"

"आता तुम्हीच विचारा तुमच्या बायकोला," रत्नाकाकू म्हणाल्या. "मी तर हिच्यापायी भिकारीण ठरले. ह्या बाईंनी मला पाण्याला पैसे आहेत का, एवढंच विचारायचं ठेवलंय."

मला वाटलं, आता ही बाई चिडणार, कागद फाडणार, निघून जाणार. परचुरे मॅडम मटकन आमच्या पायरीवरच बसल्या. हातातले कागद बघितले आणि हसायला लागल्या. "मी म्हणतच होते, तिथं जमिनीवर चार चौकोन कसले उठलेत. आणि इथला फ्रिज इतका स्वच्छ कसा." मग आईकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, या हिशेबानं शालनला सांभाळायला खर्च तर येत नाहीच, उलट तुम्हाला फायदा झालाय. मी हे पुण्याला नेलं असतं, तर माझ्यासकट सगळ्यांना वेड्यात काढलं असतं."

"चुकलं," आई म्हणाली.

"असू दे. मी हे खोडते. दादा, तुम्ही दमून आलाय, पण दहा मिनिटं बसाल का? सरळच विचारते. शालनचं हे आजारपण नसतं, तर तुमच्या घरात आज काय असतं?"

आप्पा पायरीवर बसून बुटाची लेस सोडायला लागले. आणि आई एकदम पुढे आली. असा तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता.

"तिच्यासमोर नको," ती म्हणाली. "शालू, तू स्वयंपाकघरात जा."

"का?"

"जा म्हणते ना. बाई, काय ते आम्ही तुम्हाला नंतर सांगतो. कागदावर लिहा, काय पाहिजे ते लिहा, पण त्या पोरीला ऐकवू नका. एवढा आटापिटा कशासाठी केला मी? तिला कळू नये म्हणूनच केला. दोन दिवस ती जेवली नाही, दिसत नाही काय मला?"

तेव्हा मला कळलं. आई अब्रूसाठी फ्रिज आणत नव्हती. शेजारणीपुढं तोंड टाकून तिनं तो मागितला, तो माझ्यासाठी. मी जो आकडा तिच्यापासून लपवू बघत होते, तोच ती माझ्यापासून लपवत होती. एकाच कॉटवर बसून दोघी एकच भीती, आपापल्या पदराखाली धरून बसलो होतो.

"मी जाणार नाही," मी म्हणाले. "मलाच ऐकायचंय. आप्पा, सांगा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. आईकडे बघितलं. मग दुसरा बूट काढला, दोन्ही नीट शेजारी ठेवले आणि म्हणाले, "ऐकू दे की तिला. ती काय लहान आहे?"

आणि ते सांगायला लागले. बॉयलर खोलल्यावर साहेबाला रिपोर्ट द्यावा तसे.

"फ्रिज असता. भूपालनं घेतला त्या साली मी पण घेणार होतो. सोसायटीचं कर्ज आम्ही दोघांनी एकाच दिवशी उचललं. त्याचं फ्रिजला गेलं, माझं मिरजेला. रंगीत टीव्ही पण असता. आता स्कूटर म्हणाल तर ती नसती. मला सायकलच बरी वाटते, गुडघे चालू राहतात."

"स्कूटर मग धरू नको?"

"नको, उगाच कशाला? आणि मला रात्रपाळीचा भत्ता मिळाला असता. हिला शाळेला सोडायची म्हणून मी जनरल शिफ्ट मागून घेतली. हंगामात तो भत्ता चांगला असतो. तो गेला."

"हे पगारात दिसलं नसतं," मॅडम लिहिताना म्हणाल्या. "ग्रेड सारखीच दिसली असती."

"आणि हिचं शिवणकाम गेलं," आप्पांनी आईकडे हनुवटी केली. "लग्नात मशीन घेऊन आली होती. सगळ्या कॉलनीची ब्लाउजं शिवायची, हात चांगला होता. मग पोरीचं आणणं-नेणं आलं. मशीन विकून टाकली."

"ते कशाला सांगायचं आता?" आई म्हणाली.

"विचारतायत म्हणून सांगतोय. ह्या सगळ्यात तेच मोठं. फ्रिजचं काय, पाणी माठात पण गार होतं."

आई पदरानं नाक पुसत उभी राहिली. मला तेव्हापर्यंत मशीनचं माहीतच नव्हतं. मी तिच्या काचेच्या बांगड्या मोजत बसले होते.

"आईच्या हातात सोनं असतं?" मीच विचारलं. मॅडमनी चमकून माझ्याकडे बघितलं.

"सोनं तिच्या बापानंच दिलं नाही," आप्पा म्हणाले. "ते आमच्यावर कशाला?"

"माझ्या बापाचं नाव काढू नका," आई रडता रडता म्हणाली, आणि रत्नाकाकू फिस्सकन हसल्या.

"अजून काय?" मॅडमनी विचारलं.

आप्पांनी विचार केला. खरंच केला. डोकं खाजवलं, घरात एकदा नजर फिरवली, पोपडे आलेल्या भिंतीवर ती थांबली. "भिंत माझ्या आळसानं राहिलीय," ते म्हणाले. "रंगाचा डबा दोन वर्षं माळ्यावर पडून आहे. नाही. संपलं. अजून काही नाही."

"नीट आठवा."

"बाई, फिटर आहे मी. मशीन उघडली की काय गेलंय आणि काय शाबूत आहे ते मला कळतं. कॅलिपर, बूट, रिक्षा ते तुम्ही धरालच. बाकी एवढंच गेलंय."

"रिक्षाचं विचारते हं," मॅडम म्हणाल्या. "बसची पायरी खाली असती, शालनला चढता आली असती, तर रिक्षा केली असती?"

"कशाला केली असती? कॉलनीतली सगळी पोरं बसनंच जायची."

"मग ती रिक्षा मी शालनच्या नावावर नाही लिहीत. बसच्या नावावर लिहिते."

आप्पांना हे फार आवडलं. ते मोठ्यानं हसले. "म्हणजे अर्धा फ्रिज बसवाल्यांनी खाल्ला म्हणायचा."

मी कॉटची कड घट्ट धरून बसले होते. फ्रिज, टीव्ही, रात्रपाळीचा भत्ता, आईची मशीन. पुढं काही येईना. मी वाट बघत होते की आता ते 'सगळं' येईल, तो डोंगर कोसळेल. तो आलाच नाही.

"एवढंच, आप्पा?"

"एवढंच. का? कमी वाटलं?"

"कमीच वाटलं," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. दुःखाचं नव्हतं ते. जड पेटी उचलायला म्हणून वाकावं आणि ती हाताला हलकी लागावी, तसं झालं होतं. कमी होतं असं नाही. आईचं शिवणकाम कमी नव्हतं, ते मला आजही सलतं. पण त्याला कड होती. तिथं ते सुरू होत होतं आणि तिथं संपत होतं. मी घर खाल्लं नव्हतं. घर जागेवर होतं, आणि त्यात आम्ही तिघं.

आई माझ्याजवळ येऊन बसली. माझी ओढणी नीट केली, आधीच नीट होती ती.

पुढचं सगळं मजेत झालं. झोपलेल्या तिघांना उठवावं लागलं. फ्रिज पुन्हा दारात अडकला तेव्हा भूपालकाका स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढे आले. आप्पांनी त्यांना थांबवलं. आतून पाना आणला, दाराजवळच्या दांडीचे बोल्ट फिरवले आणि दांडीचा तेवढा तुकडा काढून हातात घेतला. फ्रिज सरळ बाहेर गेला.

"हे निघतंय होय?" भूपालकाका म्हणाले. "सकाळी सांगायला काय झालं होतं?"

"सकाळी मला विचारलंय कुणी?"

चौघांनी फ्रिज उचलला आणि शेजारच्या दारात नेला. मी उंबऱ्यापर्यंत येऊन बघत होते. इतकी वर्षं जे मला उचलवणार नाही असं वाटत होतं, त्यातला मोठा भाग चार झोपाळू माणसं अंगणातून घेऊन चालली होती, वर एकमेकांना शिव्या घालत. आप्पांनी दांडी परत बसवली आणि हलवून बघितली.

मग रत्नाकाकू हातात बर्फाचा ट्रे घेऊन आल्या. "हा घ्या. तुमच्या लाईटवर झालाय, तुमचाच."

आईनं फुलाफुलांच्या कपांतून लिंबाचं सरबत केलं. त्या कपांना पहिल्यांदाच घरच्या घरी मान मिळाला. परचुरे मॅडमनी दोन कप घेतले आणि त्यांच्या बसची वेळ टळली, मग भूपालकाकांनी त्यांना स्कूटरवरून स्टँडला सोडलं. पुढं त्यांचा आकडा रुपयांत काय निघाला, सरकारनं त्याचं काय केलं, यावर एक वेगळी गोष्ट होईल. मला त्याची वाट बघावी लागली नाही. माझं मोजून झालं होतं.

आप्पांनी ट्रे पायरीवर आपटून बर्फाचा एक खडा माझ्या हातावर ठेवला. "घे," म्हणाले. "फ्रिज वसूल."

त्यानंतर वर्षभरानं धाकट्या चुलतबहिणीचं लग्न होतं. पंगतीत आत्या माझ्या शेजारीच बसली. माझ्या कुबड्या बाजूला सरकवून ठेवल्या, प्रेमानं पाठीवरून हात फिरवला आणि पलीकडच्या बाईला म्हणाली, "ही आमच्या सर्जाची. सगळं हिच्यात गेलं बघा त्याचं."

"सगळं नाही, आत्या," मी म्हणाले. "एक फ्रिज, एक टीव्ही, आप्पांचा भत्ता आणि आईचं शिवणकाम. त्यातला अर्धा फ्रिज बसचा."

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. "फ्रिजचं काय मधेच?"

"नंतर सांगते," मी म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारून जिलबी मागून घेतली.